घरच्या घरी थाई जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या घरात ओल्या नारळाचा रस काढला जातो, चिंचेचा कोळ होतो आणि गॅलरीत गवती चहाची कुंडी असते, तिथे थाई स्वयंपाकाची निम्मी तयारी झालेलीच असते. उरलेली निम्मी म्हणजे हाताला लागलेल्या दोन-तीन सवयी बाजूला ठेवणं. मला त्यालाच वेळ लागला. पहिल्या ग्रीन करीला मी सवयीने मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली होती. चव वाईट नव्हती, पण ती ग्रीन करी नव्हती. त्यानंतर मैत्रिणींनी, भाच्यांनी आणि शेजाऱ्यांनी जे जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे.

थाई जेवण म्हणजे ग्रीन करी आणि पॅड थाई एवढंच का?

आपल्या जेवणाला कुणी बटर चिकन आणि नान म्हटलं तर आपल्याला जसं वाटेल, तसंच थाई माणसाला हे ऐकून वाटत असणार. नारळाच्या रसातल्या करी मुख्यतः बँकॉकच्या आसपासच्या मध्य भागातल्या आणि दक्षिणेतल्या. ईशान्येकडचा इसान भाग कोरडा. तिथे नारळ कमी, चिकट भात, कच्च्या पपईचं सोम ताम, भाजलेलं मांस आणि आंबवलेली मासळी जास्त. उत्तरेत च्यांग मायला नूडल्स घातलेला खाव सोय नावाचा रस्सा मिळतो. दक्षिणेत ओली हळद, झणझणीत तिखट आणि कोकमाच्याच कुळातल्या एका फळाचा आंबटपणा असतो. कोकणातल्या माणसाला दक्षिणेकडचं जेवण सगळ्यात लवकर आपलंसं वाटेल, असा माझा अंदाज आहे.

नावं कशी उच्चारायची?

इंग्रजी स्पेलिंग विसरा, देवनागरी इथे जास्त कामाची आहे. थाईमध्ये ‘त’ आणि ‘थ’, ‘प’ आणि ‘फ’ आपल्यासारखेच वेगळे. ‘टॉम यम’ सूपमध्ये कुणी टॉम नाही, ते ‘तोम याम’: तोम म्हणजे उकळणं, याम म्हणजे आंबट-तिखट कालवणं. नूडल्सचं ‘पॅड थाई’ खरं तर ‘फात थाय’, त्यातला फ फळातला, आणि फात म्हणजे मोठ्या आचेवर परतणं. कॅंग म्हणजे रस्सा. एवढे चार शब्द कळले की मेन्यूकार्ड निम्मं वाचता येतं. चवीला थाईत ‘रोत’ म्हणतात आणि तो आपला ‘रस’च. ‘आहान’ म्हणजे आहार.

आपलं कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि फोडणी यांचा इथे काही उपयोग?

वाटणाचा आहे, फोडणीचा नाही. थाई रश्श्याचा पाया वाटणच असतं, पण बहुतेक वाटणांत कांदा भाजून लाल करत नाहीत, खोबरं वाटत नाहीत, टोमॅटो घालत नाहीत. वाटण कच्चं आणि ओलं असतं, ते शिजतं थेट कढईत. दुसरी सवय सोडायची ती दाटपणाची. ग्रीन करी पातळच असते, भातावर घेतली की खाली उतरते. ‘ग्रेव्ही’ होत नाही म्हणून कॉर्नफ्लॉवर लावू नका.

तिसरी सवय मिठाची. आपण मीठ आधी घालतो आणि विसरतो. इथे खारट, आंबट, गोड हे तिन्ही शेवटी चाखत चाखत जुळवतात. म्हणून पाककृतीतलं प्रमाण हा फक्त अंदाज समजा. तुमचं लिंबू किती आंबट आहे ते पुस्तक लिहिणाऱ्याला माहीत नसतं.

नारळाचा रस फुटू द्यायचा नाही असं शिकलो. थाई पाककृतीत तर तो फोडायला सांगतात. हे काय?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर कळलं की घरची करी एकदम बदलते.

आपल्याकडे दाट रस शेवटी घालतात, आच मंद ठेवतात, ढवळत राहतात, कारण उकळी फुटली की रस फाटतो आणि वर तेलाचे थेंब दिसतात. थाई स्वयंपाकी ते तेलच शोधत असतो. दाट रस आधी कढईत घालून मध्यम आचेवर पाच-सात मिनिटं आटवायचा. पाणी उडतं, बुडबुड्यांचा आवाज बदलतो, कडेला चकाकणारं तेल सुटतं. त्या तेलात वाटण परतायचं. वेगळं तेल लागत नाही. वाटणाचा कच्चा वास जाऊन सुगंध सुटला की मग मांस किंवा भाज्या, आणि त्यानंतर पातळ रस. म्हणजे दाट आणि पातळ रस हा हिशेब आपलाच आहे, फक्त क्रम उलटा. थाईत दाट रसाला नारळाच्या दुधाचं डोकं म्हणतात आणि पातळ रसाला शेपूट.

अडचण येते ती खोक्यातल्या दुधाची. ते फुटू नये म्हणूनच बरेचदा त्यात पदार्थ मिसळलेले असतात, त्यामुळे कितीही आटवलं तरी तेल सुटत नाही. अशा वेळी सरळ चमचा-दोन चमचे खोबरेल किंवा साधं तेल घालून त्यात वाटण परता. कुणी नावं ठेवणार नाही. ताजा नारळ असेल तर एका नारळाचं खोवलेलं खोबरं कपभर कोमट पाण्यात वाटून पिळा, तो दाट रस. मग त्याच चोथ्यात दोन कप पाणी घालून पातळ रस काढा. दाट रस तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवला की साय वर येते. फोडायला तीच उत्तम.

मग ग्रीन करीचं प्रमाण सांगा.

चार जणांसाठी वरचा एका नारळाचा रस, तीन मोठे चमचे वाटण, ४०० ग्रॅम कोंबडीच्या तंगडीचं बिनहाडाचं मांस, सहा-सात छोटी हिरवी वांगी चिरून, दोन मोठे चमचे फिश सॉस, एक चमचा गूळ, मूठभर बेसिल. रस फोडा, वाटण तीन-चार मिनिटं परता, मांस घाला, पातळ रस घाला, दहा मिनिटांनी वांगी. वांगी मऊ झाली की सॉस आणि गूळ घालून चाखा. गॅस बंद करून मगच बेसिल. या करीचं थाई नाव ‘कॅंग ख्याव वान’. त्यात वान म्हणजे गोड, पण तो गोडवा कोवळ्या हिरव्या रंगाचा आहे. तेव्हा नावावर जाऊन गूळ ओतू नका.

वाटण घरी करावं की विकत आणावं?

हिरवं घरी, लाल चालेल विकतचं. हिरव्या वाटणाचा जीव ताजेपणात असतो. बाटलीतलं वाटण खाकी दिसतं आणि तशीच चव लागते.

वाटणात लवंगी हिरव्या मिरच्या आठ-दहा, कमी तिखट मोठ्या चार, गवती चह्याचे दोन बुंधे, बोटाच्या पेराएवढं कुळिंजन, सहा लसूण पाकळ्या, पाच-सहा सांबार कांदे, लिंबाची किसलेली साल, अर्धा चमचा भाजलेले धणे, पाव चमचा जिरं, थोडी पांढरी मिरी, मीठ आणि छोटा चमचा कपी, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याची पेस्ट. आणि कोथिंबिरीची मुळं! जुडी मुळासकट मिळते आणि आपण ती मुळं कापून टाकून देतो. थाई स्वयंपाकघरात त्यांना पानांपेक्षा जास्त मान. मूळ, लसूण आणि पांढरी मिरी या त्रिकुटाला तिथे ‘तीन दोस्त’ म्हणतात. मुळं स्वच्छ घासून धुवा आणि डब्यात घालून फ्रीझरमध्ये साठवत जा.

खलबत्त्यात करत असाल तर आधी कोरडे मसाले, मग चिवट तंतू, सगळ्यात शेवटी कांदा आणि कपी. मीठ पहिल्यापासून, त्याने घासण लागते. मिक्सरमध्ये करायचं तर सगळं बारीक चिरूनच घाला आणि पाण्याऐवजी थोडा नारळाचा रस वापरा. पाट्यावर वाटलंत तर प्रश्नच नाही.

कुळिंजन म्हणजे काय? आलं नाही का चालणार?

थाईत त्याला ‘खा’ म्हणतात. दिसायला आल्याचा भाऊ, वासाला मात्र पाइन आणि कापराकडे झुकणारा. वाटणात थोडं आलं ढकलून देता येईल. तोम याममध्ये किंवा नारळाच्या रसातल्या तोम खामध्ये मात्र नाही. तोम खाच्या नावातच तो आहे. काष्ठौषधींच्या दुकानात वाळलेलं कुळिंजन मिळतं, पण ते काढ्यासाठी बरं, यात नको. ताजं दिसलं की पाव किलो घ्या, चकत्या करून गोठवा.

गवती चहाची पानं घातली तर?

रश्श्याला चहाचा वास येईल. झाड तेच आहे, पण थाई लोक पानं नाही, मुळाजवळचा पांढरा-जांभळट बुंधा वापरतात. कुंडीतल्या गवती चहाची पानं सारखी खुडली की बुंधे बारीक राहतात. एक रोप वर्षभर मोकळ्या मातीत वाढू द्या, मग मुळापासून कांडी ओढून काढा. बाहेरचे दोन-तीन पापुद्रे सोला आणि खालचं चार-पाच इंच घ्या.

मकरूत (काफिर लाइम) लिंबाची पानं मिळाली नाहीत तर?

लिंबाची साल किसून घाला. फक्त हिरवी, पांढरा भाग नको. नेहमीच्या लिंबाच्या झाडाची कोवळी पानंही थोडा सुगंध देतात, पण ही तडजोड आहे. नर्सरीत मकरूतचं रोप मिळालं तर कुंडीत लावा. दुहेरी पान असतं, एकाला एक जोडल्यासारखं, त्यावरून ओळखता येतं.

थाई बेसिल म्हणजे आपली तुळसच ना? ती चिकनमध्ये घालायची?

थाई स्वयंपाकात तीन प्रकारची पानं आहेत आणि इंग्रजीत सगळ्यांनाच बेसिल म्हणतात, तिथून घोळ सुरू होतो. होरफा हे बडीशेपेच्या वासाचं, ग्रीन करीतलं. मेंगलाक लिंबाच्या वासाचं. आणि कफ्राव, म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने आपलीच तुळस. फात कफ्राव हा बँकॉकमध्ये कोणत्याही वेळी, कोणत्याही गल्लीत मिळणारा पदार्थ म्हणजे तुळस घालून परतलेला खिमा.

आता प्रश्न श्रद्धेचा. माझ्या सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं, ‘वृंदावनाला हात लावायचा नाही.’ मी गॅलरीत दुसऱ्या कुंडीत वेगळं रोप लावलं, त्याला पूजा नाही, दिवा नाही. त्यांना ते पटलं, पण त्या तो पदार्थ खात नाहीत. तुमच्या घरात तेही चालणार नसेल तर होरफासारखी पानं घाला आणि त्या पदार्थाला कफ्राव म्हणू नका. होरफासाठी एक युक्ती: फालुद्यातला सब्जा हे बेसिलच्याच कुळाचं बी. ओल्या मातीवर भुरभुरा, उगवतं. वास थोडा वेगळा असेल, पण बाजारातल्या इटालियन बेसिलपेक्षा मला तो जवळचा वाटतो.

करायचं असं: सहा लसूण पाकळ्या आणि पाच-सहा लवंगी मिरच्या जाडसर ठेचा. लोखंडी कढईत दोन चमचे तेल चांगलं तापवा, ठेचा घाला, लगेच २५० ग्रॅम चिकन खिमा. मोठ्या आचेवर कोरडा होईपर्यंत परता. एक चमचा फिश सॉस, एक चमचा ऑयस्टर सॉस, थोडा गडद सोया, चिमूटभर साखर. गॅस बंद, वरून वाटीभर तुळस. भातावर वाढा आणि शेजारी कडा कुरकुरीत झालेलं तळलेलं अंडं. थाईत त्याला ‘खाय दाव’, म्हणजे तारा-अंडं म्हणतात.

फिश सॉसचा वास सहन होत नाही. वगळला तर चालेल?

बाटली हुंगू नका, रस्सा हुंगा. छोटे मासे आणि मीठ वर्षभर किंवा जास्त मुरवून गाळलेलं ते पाणी, ‘नाम प्ला’. शिजल्यावर माशाचा वास राहत नाही, फक्त खोल खारटपणा राहतो. कपीचंही तसंच. नाव माकडाचं, पण आत जवळा: इवलीशी कोळंबी मीठ घालून आंबवून, वाटून, वाळवलेली. सुकट भाजताना शेजाऱ्यांची पर्वा न करणाऱ्या घरांना कपीचं भय वाटायचं कारण नाही. केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर जरा भाजून घेतली की आणखी चांगली लागते.

पूर्ण शाकाहारी थाई जेवण असतं का?

असतं, पण विकतच्या वस्तूंत सावध राहा. बाजारातल्या बऱ्याच करी वाटणांत कोळंबी असते आणि ऑयस्टर सॉस कालवांचा असतो. भारतात डब्यावरची हिरवी खूण पाहा. फिश सॉसऐवजी पातळ सोया सॉस आणि मीठ, कपीऐवजी चमचाभर आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट घाला.

थायलंडला जात असाल तर दोन शब्द लक्षात ठेवा. ‘मांगसाविरात’ म्हणजे मांसविरती, शब्द ओळखीचा वाटला ना? पण त्यात अंडं आणि दूध चालतं. ‘जे’ हा प्रकार कडक: प्राणिजन्य काहीच नाही, कांदा-लसूणही नाही. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात ‘เจ’ लिहिलेलं दिसतं. ते अक्षर चित्रासारखं ओळखा. दरवर्षी चिनी चांद्र पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस हा सण असतो, फुकेटचा प्रसिद्ध आहे. जैन पाहुण्यांसाठी मात्र ‘जे’ पुरेसं नाही, कारण कंदमुळं त्यात असतात.

किती तिखट?

हवं तितकं. त्यांची सगळ्यात लाडकी मिरची ‘फ्रिक खी नू’, अर्थ उंदराच्या लेंडीएवढी मिरची. आपली लवंगी तिच्या जागी चालते. आणि मिरचीचा तोरा दोघांनीही मिरवू नये: पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला, १५११ साली मलाक्का घेतलं आणि तिथून अयुथयाच्या थाई दरबारी माणूस पाठवला. मिरची आपल्याकडे आणि त्यांच्याकडे त्या व्यापारातूनच पोचली. त्याआधी तिखट होतं ते मिरीचं. म्हणूनच थाईत मिरीला आजही ‘फ्रिक थाय’, थाई तिखट म्हणतात.

पाम शुगर नाही, गूळ चालेल?

पिवळसर, फिका गूळ चालेल. काळपट गूळ रश्श्याचा ताबा घेतो. गोव्याचं ‘माडाचं गोड’, म्हणजे माडाचा गूळ, मूळ वस्तूच्या नात्यातलं आहे, पण ते गडद आणि किंचित खारट, म्हणून निम्मंच घाला.

भात कोणता?

बासमती नको. सुटा, लांब, कोरडा दाणा रस्सा धरत नाही. जास्मिन नसेल तर इंद्रायणी घ्या: मऊ, सुवासिक, किंचित चिकट. पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी ठेवा. चिकट भात ही वेगळीच जात, त्याला इंद्रायणी पुरत नाही. आसामचा बोरा तांदूळ ऑनलाइन मिळतो, तो चालतो. चार तास किंवा रात्रभर भिजवून, निथळून, मोदकपात्रात फडक्यावर पंचवीस मिनिटं वाफवा. शिजवला की खळ होते.

माझा तोम याम कडवट होतो.

लिंबू उकळलंत. गॅस बंद करून मग पिळायचं. आणि गवती चहा, कुळिंजन, लिंबाची पानं हे चावायचं नाही, बाजूला काढायचं. पाहुण्यांना आधी सांगा. कोळंबीचा तोम याम २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला, पण करायला वीस मिनिटं लागतात. कोळंबीची डोकी टाकू नका, त्यातच रंग आणि गोडी.

फात थायचा गोळा का होतो?

दोन कारणं. नूडल्स उकळल्या आणि एकदम चौघांचं केलं. तांदळाच्या नूडल्स साध्या पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवा, वाकतील पण मोडणार नाहीत इतपत. मग एका वेळी एका माणसाचं करा. सॉस म्हणजे चिंचेचा कोळ, गूळ आणि फिश सॉस साधारण समान. टोमॅटो केचप नाही, कधीच नाही. शेवटी भाजलेल्या दाण्यांचा जाडसर भरडा. आपलं बारीक कूट घातलं तर पुन्हा गोळा. हा पदार्थ फार जुना नाही. १९३९ साली सयामचं नाव थायलंड झालं, त्या काळातल्या फिबूनसोंगक्राम यांच्या सरकारने राष्ट्रीय पदार्थ म्हणून तो पुढे आणला.

सोम ताम खलबत्त्यात मावत नाही.

खोल पातेलं आणि लाटण्याचं टोक. लसूण, मिरची, गूळ आधी ठेचा, मग चवळीच्या शेंगा आणि टोमॅटो चेचा, शेवटी पपईचा कीस घालून हलकेच. पपई दबली पाहिजे, लगदा नको. कोशिंबिरीसारखं करून ठेवायचं नाही, पाणी सुटतं.

चॉपस्टिक घ्यायच्या का?

नूडल्सच्या वाडग्यासाठी, बस. भात चमच्याने खातात. डाव्या हातातल्या काट्याने घास चमच्यात ढकलायचा, काटा तोंडात जात नाही. चिकट भात हाताने. सगळे पदार्थ एकदम मध्ये मांडतात, प्रत्येक जण एका वेळी एका पदार्थाचा चमचाभर आपल्या भातावर घेतो. वाटीभर करी एकट्याने संपवणं तिथे विचित्र दिसतं. ‘जेवलास का?’ हे मात्र तिथेही अगदी आपल्यासारखंच विचारतात: ‘किन खाव रू यांग?’, भात खाल्ला का अजून नाही?

सामान कुठे मिळेल, किती टिकेल?

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये ताजं मिळतं, मोठ्या शहरांत किराणा घरपोच देणाऱ्या ॲपवर. परदेशात असाल तर आशियाई दुकानात सगळंच, आणि नारळ खवण्याची कटकट वाचते. पानं, कुळिंजन, बुंधे गोठवून महिनोन् महिने राहतात. वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, एक खडा म्हणजे साधारण एक चमचा.

गोडात काय करू?

आंब्याचे दिवस असतील तर चिकट भात आणि आंबा. वाफवलेला गरम भात, साखर आणि चांगलं चिमूटभर मीठ घातलेल्या कोमट दाट रसात कालवून वीस मिनिटं झाकून ठेवा. शेजारी हापूसच्या फोडी. मीठ कमी केलंत तर तो नुसता गोड भात होईल.

आंबे नसतील तर आप्पेपात्र काढा. ‘खनोम ख्रोक’ हे थाई रस्त्यावरचे आप्पे, फक्त आंबवलेले नाहीत आणि उलटायचे नाहीत. एक कप तांदळाचं पीठ, दीड कप पातळ रस, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ हे खालचं पीठ. वाटीभर दाट रस, दोन चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ ही वरची साय. पात्र चांगलं तापवून तेल पुसा, खालचं पीठ दोन तृतीयांश भरा, कडा धरल्या की वर साय आणि थोडी कांद्याची पात. हो, गोडात कांद्याची पात. झाकण ठेवून चार-पाच मिनिटं. मधोमध थरथरत असतानाच चमच्याने सोडवा आणि दोन-दोन तोंडाला तोंड लावून ठेवा. पहिला घाणा चिकटतो, तो घरातल्याच कुणाला तरी द्या.

चतुर्थीला करायचं असेल तर ‘खनोम तोम’: चिकट तांदळाच्या पिठाच्या गोळ्यात खोबरं-गुळाचं सारण, उकळत्या पाण्यात सोडायचं, तरंगला की काढून खोबऱ्यात घोळायचं. थायलंडात तो फ्रा फिकानेतला, म्हणजे विघ्नेशालाच वाहतात.